तीनशे पावलांवरची डोण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी डोण आहे. मला तीनच भिंती आहेत. चौथी होती, पण एका सप्टेंबरात ती करवतीने कापून काढली आणि माझे घोड्यांना पाणी पाजण्याचे दिवस कायमचे संपले.

अमेरिकेतल्या मोंटानात, डोंगराच्या पायथ्याशी, नेल्स स्कार नावाच्या माणसाचे कुरण होते. वीज पडून वाळलेले एक लार्चचे झाड त्याने तोडले, त्याच्या दोन बोटे जाडीच्या फळ्या काढल्या आणि मला घडवले. लांबी चार हात. सांध्यांत डांबर भरले. पहिल्या दिवशी मी सगळीकडून गळले. नेल्स शेजारी बसून पाइप ओढत राहिला. "पिऊ दे तिला. फुगली की आपोआप गळायची थांबेल," असे तो म्हणाला, आणि तसेच झाले.

बावीस वर्षे घोड्यांनी माझ्यात तोंड घातले. हिवाळ्यात माझ्यातले पाणी गोठायचे, तेव्हा नेल्स कुऱ्हाडीच्या दांड्याने बर्फ फोडायचा आणि एकही घाव माझ्या तळाला लागू द्यायचा नाही. मग नेल्स गेला. घोडे विकले. कुरणात पत्र्याची टाकी आली. मला गोठ्यामागे कलती करून ठेवले आणि माझ्यात गवत वाढले. एक कोंबडी अंडी घालायला यायची, तेवढीच सोबत.

नेल्सला दोन मुले. मोठा ऑरिन आणि त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटी आर्डिस. नवरा वारल्यावर आर्डिस भावाकडे राहायला आली. दोघांचेही केस पांढरे झालेले. दोघांनाही शिकार लहानपणापासून येत होती, कारण त्या भागात हिवाळ्याचे मांस दुकानातून आणत नाहीत, डोंगरातून आणतात. एल्क हे घोड्याएवढे हरीण. एक मिळाला की दोन माणसांचा हिवाळा निघतो.

ऑरिनने एक दिवस मला गोठ्यामागून ओढून काढले, माझी पुढची भिंत कापली आणि मला टेकडीच्या पायथ्याशी ठेवले. दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन काठोकाठ पाण्याने भरले आणि आठ कॅन माझ्यात एकामागे एक रांगेत उभे केले. मग वीस पावले मागे जाऊन त्याने रायफल झाडली.

मला वाटले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण तसे नव्हते. शिकारीची गोळी आत शिरल्यावर फुलासारखी उघडली पाहिजे. उघडली तर जनावर चार ढांगांत कोसळते, त्याला फार सोसावे लागत नाही. न उघडता सुईसारखी आरपार गेली, तर जनावर जखम घेऊन मैलोनमैल चालते आणि कुठेतरी एकटे मरते. गोळी उघडते की नाही हे जिवंत जनावरावर पाहणे पाप. म्हणून आधी पाण्यावर पाहायचे.

गोळी पाण्यात शिरते तेव्हा काय होते ते मी सांगते, कारण माझ्याइतक्या जवळून ते कोणी पाहिलेले नाही. पहिला कॅन फुटत नाही, उडतो. पाणी गोठ्याच्या छपराहून उंच जाते. दुसरा चिरतो. तिसरा ढेपाळतो. चौथ्या-पाचव्या कॅनच्या तळाशी गोळी सापडते, पाकळ्या मागे वळलेली, अजून गरम. ऑरिन ती तळहातावर घेऊन बोटाने फिरवायचा आणि माझ्या बाजूच्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीने लिहायचा: कोणती गोळी, कितव्या कॅनमध्ये थांबली. पन्नाशी उलटल्यावर मी अशी वाचायला शिकले.

ती माझ्या कौतुकाची वर्षे. सप्टेंबरातल्या रविवारी शेजारचे लोक पोत्यांतून कॅन घेऊन यायचे. आर्डिस चुलीवर खिम्याचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे गोड पाव करायची. पलीकडच्या कुरणातला लाइल बाके सगळ्यांत आधी यायचा आणि सगळ्यांत शेवटी जायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हते.

"ऑरिन, वीस पावलांवर तर माझी सासूसुद्धा नेम मारेल," तो म्हणायचा.

"तिला आण. तुझ्यापेक्षा बरी मारेल," ऑरिन म्हणायचा.

सगळे हसायचे. वीस पावले का, हे मात्र कोणी विचारले नाही. पाण्याचा नळ तिथवर पोहोचत होता, मी जड होते आणि इतक्या जवळून नेम चुकत नव्हता. एवढेच कारण होते.

मग एका वसंतात आर्डिसला ओढ्याकाठी एक गरुड सापडला. जमिनीवर बसलेला, मान लोंबलेली, पंख उघडता येत नव्हते. शिकाऱ्यांनी मागे टाकलेली आतडी त्याने खाल्ली होती, आणि त्यांत शिशाच्या गोळीचे बारीक कण होते. आर्डिसने त्याला कोटात गुंडाळून मांडीवर घेतले. शहरातल्या पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंत तो मेला होता.

त्या दिवसापासून स्कारांच्या घरात शिसे बंद झाले. ऑरिनने नव्या तांब्याच्या गोळ्या आणल्या. वडिलांची रायफल जुनी, तिची ताकद बेताची, पण वीस पावलांवरून पहिलाच कॅन आभाळात गेला आणि गोळी चौथ्या कॅनमध्ये चार पाकळ्या उघडून पडली होती. आर्डिसने ती धुऊन खिडकीत ठेवली. माझी पाठ थोपटली गेली. मला फार बरे वाटले. आता ते आठवले की लाज वाटते.

त्याच शरदात ऑरिनने डोंगरात एका एल्क मादीवर गोळी झाडली. मी तिथे नव्हते, पण त्याने आर्डिसला गोठ्याशी उभे राहून सांगितले ते मी ऐकले. मादी पलीकडच्या उतारावर, तीनशे पावलांवर होती. गोळी खांद्यामागे लागली, त्याची खात्री होती. मादी थबकली, मग काही झालेच नाही अशी चालू लागली. ऑरिन तीन दिवस तिच्या मागावर होता. रक्त थेंबाथेंबाने, तेही दुसऱ्या दिवशी संपले. चौथ्या दिवशी डोमकावळे घिरट्या घालताना दिसले. मांस कामाचे उरले नव्हते.

त्या भागात हंगामाला एका माणसाला एक जनावर, आणि परवान्याची चिठ्ठी जनावर हाती आले की कापायची. ऑरिनच्या हाती काहीच आले नव्हते. तरी त्याने आपली चिठ्ठी स्वतःच कापली आणि रायफल कपाटात ठेवली.

लाइल म्हणाला, "मांस नाही आणि चिठ्ठीही कापलीस? अरे, चष्मा नाकाला कशाला लावतोस, रायफलीला लाव."

ऑरिन हसला नाही. त्या दिवसापासून त्याने मनाशी धरले की आपला हात गेला, डोळा गेला. हिवाळाभर दोघांनी बटाटे आणि डब्यातले बीन्स खाल्ले. पुढच्या सप्टेंबरात कोणालाही बोलावले नाही. मी टेकडीशी तशीच पडून राहिले. माझ्यात पाऊस पडला, मग पाने साचली, मग पहिला बर्फ.

ऑक्टोबरात आर्डिसच्या नावे एक पाकीट आले. डोंगरामागच्या मोठ्या खोऱ्यात नर एल्क मारण्याचा परवाना सोडतीने मिळतो, आणि ती दर वर्षी अर्ज करत होती. सतरा वर्षांनी तिचे नाव निघाले होते. ती चौसष्ट वर्षांची होती. पुन्हा सोडत लागण्याची वाट पाहण्याइतके आयुष्य तिच्याकडे नव्हते, हे तिला ठाऊक होते.

हंगाम उघडायला तीन दिवस राहिले तेव्हा ती माझ्यापाशी आली. पायाने पाने बाजूला सारली आणि ऑरिनला हाक मारली.

"गेल्या वर्षीची मादी किती लांब होती?"

"विषय काढू नकोस."

"किती लांब, ऑरिन?"

"तीनशे पावलं. सांगितलंय तुला."

"मग हिला तीनशेवर न्यायचं."

"वेडी आहेस का? तिथवर पाणी कोण नेणार?"

"मी. आणि तू. आणि तो लाइल, त्याच्या जिभेला तरी विश्रांती मिळेल."

कॅन भरून रात्री बाहेर ठेवले होते. सकाळी पाहिले तर वर बर्फाची साय. आर्डिस तसेच गाडीत टाकायला निघाली. ऑरिन चुलीपाशी चहा पीत होता, तो न राहवून उठला.

"हे चालणार नाही. बर्फ असला की कॅन फुटणारच, गोळी उघडो ना उघडो. मग आपणच आपल्याला फसवायचं."

"मग?"

"ओत ते. कोमट पाणी भर."

वर्षभरात तो माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच बोलला होता. तिघांनी मिळून मला ट्रकमध्ये चढवले. लाइलने पावले मोजली, मोठ्याने, आणि दोनशे साठनंतर धापा टाकत.

"तीनशे. इथून तुमचं घर काडेपेटीएवढं दिसतंय. आर्डिस, एवढ्या लांबून तू काय मारणार?"

"तू इथेच उभा राहा, मग बघू."

ते परत गेले. मी एकटी उरले, माझ्यात आठ कॅन, मागे टेकडीची माती. इतक्या दूरवरून माणसे कुंपणाच्या खुंटांसारखी दिसत होती. त्यांचे बोलणे ऐकू येत नव्हते. आतापर्यंत मला रायफलीची नळी दिसायची, डोळा मिटलेला दिसायचा. आता काहीच दिसत नव्हते, फक्त वाट पाहायची.

इतक्या अंतरावर आधी गोळी येते, मग आवाज. पहिली माझ्या डोक्यावरून मातीत घुसली. दुसरी माझ्या डाव्या फळीत लागली आणि हातभर ढलपी उडाली. लागले मला. पण ते काहीच नव्हते. तिसरी आली ती नेमकी कॅनच्या रांगेत.

मी पाणी उडण्याची वाट पाहिली. उडाले नाही. आठही कॅन जागच्या जागी उभे होते. प्रत्येकाला पुढे एक भोक, मागे एक भोक, आणि दोन्हींतून पाण्याची बारीक धार. गोळी आठही कॅनमधून आणि माझ्या मागच्या भिंतीतून निघून टेकडीत गेली होती. कोणी तिला अडवलेच नव्हते. माझ्यात पाणी टपकत होते, तेवढाच आवाज.

ते चालत आले. ऑरिन गुडघ्यावर बसला आणि करंगळी पहिल्या कॅनच्या भोकावर ठेवली. मग आठव्याच्या. दोन्ही सारखीच. लाइलने टेकडीतून चाकूने गोळी उकरली. टोक किंचित चेपले होते, बाकी कारखान्यातून आली तशीच.

ऑरिनने गोळी तळहातावर घेऊन बोटाने फिरवली.

"म्हणजे मी चुकलो नव्हतो," ऑरिन म्हणाला. "खांद्यामागेच लागली होती."

"नेम नव्हता चुकला," आर्डिस म्हणाली. ती माझ्या कडेवर बसली. "पण चुकलो आपण. दोघंही. वीस पावलांवर विचारलं आणि तीनशेवर विश्वास ठेवला."

मित्रांनो, मी खोटे बोलले नव्हते. वीस पावलांवर गोळी उघडते हे खरेच होते. पण दूर जाता जाता तिचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की तांबे उघडत नाही. मला कोणी दूर ठेवून विचारले नाही, आणि मला स्वतःहून बोलता येत नाही. त्या मादीची आठवण माझ्याही अंगावर आहे.

लाइलने टोपी काढून पुन्हा घातली. "माझ्याकडे शिशाच्या डबाभर आहेत. त्या हळू गेल्या तरी उघडतात. परवा हंगाम उघडतोय, आर्डिस. सतरा वर्षांनी एकदा येतोय. घे आणि मोकळी हो."

"तो गरुड माझ्या मांडीवर मेला, लाइल. तुझ्या नाही."

लाइलने माझे एक टोक उचलले. "बरं. आता कुठे ठेवायची हिला?"

अडीचशेवर ठेवले. गोळी अर्धवट उघडली, एकच पाकळी. दोनशेवर ठेवले. पहिला कॅन आभाळात गेला आणि ऑरिनच्या तोंडून वर्षभर अडकलेला श्वास सुटला. खात्रीसाठी दोनशेवर पुन्हा एकदा. पुन्हा चार पाकळ्या. तोपर्यंत तिघांची बोटे गारठून वळत नव्हती. ऑरिनने पेन्सिल मुठीत धरून माझ्या फळीवर लिहिले: दोनशे. पुढे नाही.

मला ट्रकमधून उतरवायला कोणाच्या अंगात त्राण नव्हते. रात्री बर्फ पडला आणि मी तशीच ट्रकमध्ये राहिले. म्हणून पुढचे मी स्वतः पाहिले.

पाच आठवडे आर्डिस त्या खोऱ्यात जात राहिली. खोरे खोल, मधून ओढा, आणि नर बहुतेक पलीकडच्या उतारावर. उजाडायच्या आधी खाली उतरायचे, दिवसभर झाडीत थांबायचे, अंधार पडायच्या आत वर यायचे. दोनदा तिला नर दिसले, दोन्ही वेळा फार लांब. ती बारीक झाली. ओठ फुटले. गाडीत बसताना गुडघा दोन्ही हातांनी आत उचलून ठेवायची.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी ऑरिन म्हणाला, मीही येतो. त्याचे गुडघे खोऱ्यात उतरण्याजोगे नव्हते, म्हणून आर्डिसही त्याच्यासाठी वरच थांबली. माझ्यापासून दहा पावलांवर कड्यापाशी दोघे पोटावर आडवे झाले. वारा त्यांच्या मागून वाहत होता. तासन्‌तास काही हलले नाही. ऊन कलले.

"आर्डी," ऑरिन कुजबुजला. "पलीकडे. वाळलेल्या झाडाच्या डावीकडे."

मलाही दिसला. बर्फात खुराने गवत उकरत होता. शिंगे मागे पाठीपर्यंत गेलेली. इतका मोठा नर स्कारांच्या कुरणात कधी कोणी आणला नव्हता.

"किती?" आर्डिसने विचारले.

ऑरिनने डोळे बारीक करून अंतर जोखले. "तीनशे. वर दहा."

"खाली उतरले तर?"

"वारा आपल्याकडून त्याच्याकडे जातोय. पन्नास पावलं उतरलीस की पळेल."

"उजेड?"

"अर्धा तास. त्यानंतर हंगामच संपला."

आर्डिसने रायफल पुढे सरकवली. पिशवीवर टेकवली. गाल लाकडाला लावला. चुकून गोळी सुटू न देणारा खटका उघडल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. नर वळला आणि आडवा उभा राहिला, पूर्ण कूस समोर, जसे शिकारी आयुष्यभर मागतात तसा. माझ्या मागच्या भिंतीतल्या भोकातून वारा शिरत होता. मी आवाजाची वाट पाहत होते आणि तो येऊ नये असेही मला वाटत होते.

"तू म्हणशील तसं. मी बोलणार नाही," ऑरिन म्हणाला.

"बोलू नकोस."

नराने डोके खाली घातले, दोन घास खाल्ले, पुन्हा वर केले. आर्डिसचा श्वास थंडीत दिसत होता. आत, बाहेर. आत. मग दिसेनासा झाला. तिने श्वास रोखला होता. गोळी सुटण्याआधी शिकारी असाच श्वास रोखतात.

मग खटका बंद झाल्याचा आवाज आला.

"दोनशेवर असता तर," ती म्हणाली.

"हो."

तिने काडतूस काढून हातमोज्यात ठेवले. दोघे उठले नाहीत. तसेच आडवे पडून त्याच्याकडे पाहत राहिले, उजेड संपेपर्यंत. नर चरत चरत झाडीत गेला. त्याला काहीच कळले नव्हते.

घरी लाइल सुऱ्या पाजळून आणि मांसाच्या कापडी पिशव्या घेऊन अंगणात उभा होता. त्याने ट्रकमध्ये डोकावले.

"डोणच परत आणलीत?"

"दिसला होता," ऑरिन म्हणाला. "तीनशे दहावर. आडवा."

"आणि?"

"आणि आम्ही बघितला."

लाइल आर्डिसकडे वळला. "सतरा वर्षं वाट बघितलीस ना, बाई."

"माहीत आहे मला."

"मी असतो तर गोळी मारली असती."

"मीही मारली होती," ऑरिन म्हणाला.

लाइलने सुऱ्या एकेक करून म्यानात घातल्या. नंतर आठवड्याने तो आपल्या हरणाचा मागचा पाय घेऊन आला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि थट्टेचा एकही शब्द न काढता निघून गेला. आर्डिसची चिठ्ठी न कापता तशीच खिडकीत राहिली, त्या चार पाकळ्यांच्या गोळीखाली.

पुढच्या सप्टेंबरात लोक पुन्हा आले. लाइलने कॅनला हात लावायच्या आधी मला उचलायला माणसे गोळा केली. "हिला इथे कशाला ठेवताय? तुम्ही काय अंगणात शिकार करता?" असे ओरडत तो मोठ्याने पावले मोजत गेला. नव्या शिकाऱ्यांनी कुरकुर केली, मग पाणी उचलले.

आता मी म्हातारी झाले आहे. माझ्या फळ्यांतून उजेड दिसतो, डाव्या बाजूची ढलपी कोणी बसवली नाही, आणि बर्फात मला झाकायचे बरेचदा विसरतात. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तुम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच. मित्रांनो, ज्या गोष्टीमुळे दुसऱ्या जिवाला दुखू शकते, ती तुमच्या सोयीच्या जागी तपासू नका. ती जिथे वापरणार तिथे नेऊन तपासा. तिथे माझे ओझे होईल, पाणी वाहावे लागेल, बोटे गारठतील, नेम चुकेल, आणि मी जे सांगेन ते तुम्हाला आवडणार नाही. तरी मला लांब ठेवा.